इंदूरच्या नव्या टाऊनशिपमध्ये पाणी कुठून येतं, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत इंदूरच्या नव्या टाऊनशिपांवर पानभर मजकूर आला होता. बायपासला काय काय उभं राहतंय, सुपर कॉरिडॉरला, म्हणजे एअरपोर्टकडच्या रुंद रस्त्याला, काय येतंय, मेट्रो सुरू झालीय, सलग आठ वर्षं स्वच्छतेत अव्वल आलेलं शहर, तेव्हा आत्ताच पैसे गुंतवा वगैरे. पुण्याच्या माझ्या भाच्याने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, मावशी घेऊन ठेवू का एक टू बीएचके, इथल्यापेक्षा खूप स्वस्त पडतोय. मी लगेच फोन लावला आणि त्याच्याशी अर्धा तास बोलले. मग वाटलं की एकट्या भाच्याला सांगून काय होणार, ते पान तर तुमच्या हजारो वाचकांनी बघितलं असणार. त्यात क्लब हाऊस किती स्क्वेअर फुटांचं आहे ते होतं, एअरपोर्ट किती मिनिटांवर ते होतं, पण नळाला पाणी कुठून येणार यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापायचं तर शेवटचं कापू नका, माझं मागणं तिथे आहे.

मी इंदूरचीच. जन्म रामबागेतल्या वाड्यातला, चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता लोकमान्य नगरला राहते. आमच्या मुलाने २०२१ मध्ये बायपासच्या बाजूला एका नव्या प्रोजेक्टमध्ये फ्लॅट बुक केला आणि २०२४ च्या दसऱ्याला वास्तुशांत केली. बिल्डरचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एका बिल्डरचं प्रकरण नाहीये, त्या पट्ट्यात ओळखीचे जे जे राहायला गेलेत त्या जवळजवळ सगळ्यांकडे हेच ऐकायला मिळतं. पुढे शोरूम, बँक, जिम, कॅफे असलेली कमर्शियल बिल्डिंग, मागे राहायचे टॉवर, मधे बाग. दिसायला खरंच सुंदर आहे. हवा छान, उजेड भरपूर, मुलांना खेळायला जागा. आमच्या वाड्यात सोळा माणसं आणि एक मोरी होती, त्यामुळे नव्या घरांना नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. शहर वाढणार, माणसं येणार, त्यांना घरं लागणार, आणि ती चांगली असावीत असंच मला वाटतं.

मे महिन्यात नातीची शाळा सुटली म्हणून पंधरा दिवस त्यांच्याकडे राहायला गेले होते. पहिल्याच दिवशी पहाटे सव्वापाचला ट्रॅक्टरच्या आवाजाने जाग आली. गॅलरीत येऊन बघितलं तर खाली गेटपासून रस्त्यापर्यंत तीन टँकर ओळीने उभे. वॉचमनने अंडरग्राऊंड टाकीचं लोखंडी झाकण सरकवलं, ड्रायव्हरने जाड पाईप आत सोडला, मग वॉचमन खुर्चीवर बसून टॉर्चच्या उजेडात रजिस्टरमध्ये नंबर, वेळ आणि सही असं लिहायला लागला. पाईपच्या जॉइंटमधून बारीक धार वाया जात होती, तिथे कोणीतरी बादली ठेवली होती आणि ती भरली की झाडूवाली बाई ती उचलून कुंड्यांना घालत होती. आत घरात आले तर सूनबाई उठलेली. म्हणाली, आई, सहा ते सात नळाला फोर्स असतो तेवढ्यात आंघोळी उरकून घेऊ. त्या बाथरूममध्ये भिंतीत बसवलेला शॉवर आहे, काचेचं पार्टिशन आहे, आणि त्या काचेला टेकून निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवलाय, त्यात लाल मग तरंगतोय. हे बघून मला काय वाटलं ते कसं सांगू, आमच्या आईने आयुष्यभर जे केलं तेच माझी सून वीस वर्षांचं लोन डोक्यावर घेऊन करतेय.

त्या दिवशी दुपारी मी वॉचमनला विचारून ते रजिस्टर बघितलं. गणिताची बाई असल्यामुळे सवय जात नाही, वही घेऊन हिशोबच मांडला. प्रोजेक्टमध्ये १९२ फ्लॅट आहेत, त्यातले साधारण १२० भरलेत. घरी चार माणसं धरली तर ४८० माणसं झाली. शहरात ड्रेनेज असेल तिथे माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळायला हवं असं सरकारचंच प्रमाण आहे, म्हणजे रोजचं झालं ६४ हजार ८०० लिटर. टँकर सहा हजार लिटरचा, म्हणजे अकरा टँकर लागणार. रजिस्टरात त्या आठवड्यात रोज सात टँकरची नोंद होती. सात गुणिले सहा हजार म्हणजे ४२ हजार, माणशी ८७ लिटर. आणि यात अजून पुढच्या कमर्शियल बिल्डिंगचं पाणी धरलेलंच नाही, ते त्याच टाकीतून जातं. सोसायटीचं बोरिंग आहे, पण मे महिन्यात ते अर्धा तास पाणी देतं आणि मग नुसती हवा फेकतं. उरलेले ७२ फ्लॅट जेव्हा भरतील तेव्हा काय करणार, हे मी कमिटीतल्या एका काकांना विचारलं, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांचा काही दोषही नाही, ते बिचारे रोज सकाळी टँकरवाल्यांना फोन करून करून थकलेत.

आता ब्रोशरचं सांगते. मुलाने बुकिंगच्या वेळी मिळालेलं ब्रोशर जपून ठेवलंय, ते मी चष्मा लावून पूर्ण वाचलं. बत्तीस पानांचं, गुळगुळीत, जाड कागदाचं. सव्विसाव्या पानावर सुविधांची यादी आहे, त्यात पाण्याच्या थेंबाचं चित्र आणि मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘नर्मदा जल’, म्हणजे महापालिकेचं नळाचं पाणी. त्या अक्षरांच्या शेजारी, डोळे ताणून वाचावं लागेल एवढ्या बारीक टाइपात, कंसात एक शब्द आहे, ‘प्रस्तावित’. त्या एका शब्दावर १२० कुटुंबं टांगलेली आहेत. मुलगा म्हणतो की सेल्सच्या मुलाने तेव्हा तोंडी सांगितलं होतं की लाईन समोरच्या रस्त्यापर्यंत आलीच आहे, सहा महिन्यात कनेक्शन. पाच वर्षं होत आली.

नंतर मुलगा आणि मी एक दिवस काढून ऑफिसांमध्ये फिरलो. एका ठिकाणी सांगितलं, कॉलनी अजून महापालिकेकडे हँडओव्हर झालेली नाही, बिल्डरशी बोला. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, आम्ही पैसे भरायला तयार आहोत पण मेन लाईनच नाही तर जोडायचं कुठे. तिसऱ्या ठिकाणी म्हणाले की टाकी मंजूर आहे, टाकी झाली की बघू. सगळे नीट बोलले, कोणी हिडीसफिडीस केलं नाही, चहासुद्धा विचारला, पण संध्याकाळी घरी आलो तेव्हा हातात एक कागद नव्हता. ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की हा पाण्याला जबाबदार, असा माणूसच या सगळ्यात कुठे नाही. बिल्डिंगचा नक्शा पास करायला जबाबदार माणूस असतो, रजिस्ट्रीची स्टँप ड्युटी घ्यायला असतो, प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस तर पझेशननंतर अगदी वेळेवर आली.

आणि टँकर येतो कुठून हेही बघा. मी एका ड्रायव्हरला विचारलं, तिशीतला मुलगा, बायपासच्या पलीकडच्या गावचा. म्हणाला, ‘माताजी, काका के खेत का बोर है, अब वो भी उतर रहा है, पिछले साल एक घंटे में टँकर भरता था, अब दो लगते हैं।’ म्हणजे टाऊनशिप जमिनीखालचं जे पाणी स्वतः उपसून संपवून बसलीय, तेच पाणी दोन कोस पलीकडून गावकऱ्यांच्या वाट्याचं काढून आणलं जातंय. माळव्याची जमीन वरून काळी आणि खाली सगळा काळा पाषाण. त्या पाषाणात पाणी साठतं ते फटींमध्ये आणि झिजलेल्या थरात, वाळूत साठतं तसं नाही. एका फटीत शंभर बोरिंगं घुसली की ती फट रिकामी होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामीच राहते, मग सातशे फूट जा नाहीतर हजार फूट जा. इंदूरच्या भूजलाची गणना अतिदोहन झालेल्यात होते, म्हणजे जितकं मुरतं त्यापेक्षा जास्त आपण काढतो. उन्हाळ्यात पेयजल परिरक्षण कायद्याखाली, तो १९८६ चा आहे, नवीन बोरिंगवर बंदी येते. मग ज्या प्रोजेक्टचं पाण्याचं सगळं गणित बोरिंगवर बांधलंय त्याला परवानगी कशी मिळते हे मला कोणी समजावून सांगावं.

तुमच्या वाचकांतल्या तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगते, या शहराने पाण्यासाठी किती केलंय ते. मी लहान होते तेव्हा इंदूरची तहान यशवंत सागर आणि बिलावलीसारख्या होळकरांच्या काळातल्या तलावांवर भागायची, आणि ती पुरायची नाही. वाड्यात नळ एक, तो पहाटे कधीतरी यायचा आणि आई रात्रीच हंडे लावून ठेवायची. १९७० साली नर्मदा लाओ आंदोलन झालं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझे वडील कधी कुठल्या मोर्च्यात न जाणारे, धोतर-कोट घालून ऑफिसात जाणारे साधे कारकून, पण त्यात गेले होते. व्यापारी, विद्यार्थी, गिरणी कामगार, सगळ्या पक्षांचे लोक एक झाले होते, मागणी एकच, नर्मदेचं पाणी इंदूरला आणा. आणि ते आणलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी उचलायचं, विंध्याचा घाट चढवायचा, पाचशे मीटरहून जास्त उंच, आणि जवळजवळ ७० किलोमीटर लांब आणायचं. १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. ज्या दिवशी आमच्या वाड्याच्या नळाला ते आलं त्या दिवशी आईने नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि पहिला तांब्या भरून देवघरात ठेवला. तो पितळी तांब्या माझ्याकडे आहे अजून.

म्हणून मला नर्मदेच्या पाण्याचा एक थेंब वाया गेलेला बघवत नाही आणि ‘प्रस्तावित’ हा शब्दही सहन होत नाही. ते पाणी फुकट येत नाही. घाट चढवायला जी वीज लागते तिचा खर्च एवढा की त्यासाठी निगमने, म्हणजे आमच्या महापालिकेने, २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायचे कर्जरोखे) काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सोलर प्लांट लावायला, आणि लोकांनी मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे देऊ केले. हे चांगलंच काम आहे, मी त्याचं मनापासून कौतुक करते. म्हणजे हे शहर मनात आणलं तर पाण्याचं मोठं काम करू शकतं. कचऱ्याचं करून दाखवलंच की. घरोघरी ओला-सुका वेगळा होईल हे दहा-बारा वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

पण शहर ज्या वेगाने पसरलंय त्या वेगाने पाईप पसरलेले नाहीत. १९७१ च्या जनगणनेत इंदूर साडेपाच लाखांचं होतं, २०११ मध्ये जवळजवळ वीस लाखांचं. २०१४ मध्ये आजूबाजूची २९ गावं निगमच्या हद्दीत घेतली. मग आणखी ७९ गावं प्लॅनिंगच्या क्षेत्रात जोडली. मास्टर प्लॅन २०२१ पर्यंतचा होता, तो केव्हाच संपला, नवीन येणार येणार म्हणून आम्ही वाट बघतोय. आता २०२५ च्या कायद्याने इंदूर, उज्जैन, देवास, धार वगैरे भाग मिळून मेट्रोपॉलिटन रीजन होणार आहे. नकाशावर रेघ एका दिवसात पुढे सरकते, जमिनीचे भाव त्याच रात्री चढतात, आणि पाईप तिथे पोचायला दहा वर्षं लागतात. त्या दहा वर्षांत तिथे राहायला गेलेली माणसं टँकरवर जगतात.

होळकर दरबारने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं आणि त्याने १९१८ मध्ये इंदूरवर दोन खंडांचा रिपोर्ट दिला. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या सरांनी एकदा त्यावर मुलांना प्रोजेक्ट दिला होता, तेव्हा मीही थोडं वाचलं. प्लेगचा काळ होता. त्या माणसाने गल्लोगल्ली पायी फिरून नद्या, विहिरी, सांडपाणी, बागा, घरं सगळं एकत्र बघितलं, घर वेगळं आणि पाणी वेगळं असा विचारच केला नाही. शंभर वर्षांहून जास्त झाली या गोष्टीला.

कोणी म्हणेल की मग बांधायचंच नाही का. बांधा ना. पण आधी तिथे बांधा जिथे लाईन आहे. शहराच्या आत हुकुमचंद मिलची सुमारे ४२ एकर जमीन आहे. मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांना त्यांचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाले, बत्तीस वर्षांनी, कित्येक तर वाट बघत गेले. आता तिथे हाऊसिंग बोर्डाचा राहायचा आणि कमर्शियल असा दोन्ही प्रोजेक्ट ठरलाय. एवढ्या वर्षांत तिथे जंगलच वाढलंय आणि ती झाडं तोडू नका म्हणून लोक उभे राहिलेत, माझी सहानुभूती पूर्ण त्यांच्याकडे आहे, ती झाडं राखून जेवढं बसेल तेवढंच बांधावं. पण एक खरं की अशा जागी येणाऱ्या माणसाला नळ, ड्रेनेज, बस, दवाखाना आधीपासून आहे. बायपासपलीकडच्या शेतात तसं नाही. आणि तलाव तरी राखा. सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेले, २०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली दोन वेटलँड सिटी, म्हणजे पाणथळ जागा राखणारी शहरं, ठरली. हा मान मिरवायचा तर तलावात पाणी येणारे ओढे बुजवून त्यावर कॉलनी बसवता येणार नाही. पाणी मुरलं तर बोरिंगला येणार.

आता तुमच्या वाचकांना, म्हणजे जे इंदूरला घर किंवा दुकान घ्यायचं म्हणतायत त्यांना, मला जे समजलंय ते सांगते. आमच्या मुलाला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी बिल्डरांवर नियम घालणाऱ्या २०१६ च्या कायद्यात, हे सगळं आधीच लिहिलेलं आहे. कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की बुकिंग करताना आणि अलॉटमेंट लेटर देताना बिल्डरने प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यात कधी पूर्ण होणार ते सांगायचं, आणि त्यात पाणी, सॅनिटेशन आणि वीज या सोयींची तरतूद काय तेही सांगायचं. म्हणजे पाण्याचं वेळापत्रक मागणं हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. कलम ४ प्रमाणे रजिस्ट्रेशनच्या वेळी बिल्डरला डेव्हलपमेंटच्या कामांचा प्लॅन द्यावा लागतो, त्यात पिण्याच्या पाण्याची सोय येते, आणि रेराच्या वेबसाईटवर प्रोजेक्ट उघडून कागद बघता येतात. कलम १२ तर अजून महत्त्वाचं आहे, जाहिरातीत किंवा ब्रोशरमध्ये खोटं लिहिलं आणि त्यावर विश्वासून तुम्ही पैसे दिले तर नुकसानभरपाई मागता येते, किंवा सौदा सोडून व्याजासकट पैसे परत मागता येतात. म्हणून ब्रोशर फेकू नका. सेल्सवाल्याने तोंडी सांगितलेलं त्याच संध्याकाळी ई-मेलवर लिहून त्याला पाठवा, तुम्ही आज असं असं सांगितलंत म्हणून. आमच्या मुलाने ते केलं नाही, त्यामुळे आज त्याच्याकडे बारीक टाइपातला ‘प्रस्तावित’ आहे आणि कानात ऐकलेलं ‘सहा महिन्यात’ आहे.

आणखी एक इंदूरची खास गोष्ट, बाहेरच्यांना माहीत नसते. इथे ‘डायरीवर’ प्लॉट विकायची जुनी रीत आहे. परवानग्या यायच्या आधीच एका डायरीत तुमचं नाव, प्लॉट नंबर, दिलेले पैसे लिहितात, पावती म्हणून ती डायरीच, आणि लोक ती डायरीसुद्धा पुढे विकतात. कोणी कितीही जवळचा माणूस सांगू दे, डायरीवर एक रुपया देऊ नका. रेरा नंबर नाही तर विकायचीच परवानगी नाही, आणि लेखी रजिस्टर्ड करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेताही येत नाही. पुण्या-मुंबईहून येऊन एका शनिवारी साईट बघून रविवारी परत जाणारे लोक यात जास्त सापडतात.

दुकान किंवा ऑफिस घेणाऱ्यांनी पण पाण्याचं विचारावं. आमच्या मुलाच्या सोसायटीत सध्या यावरूनच भांडण पेटलंय. टँकरचं बिल स्क्वेअर फुटावर वाटायचं की माणशी? बंद शोरूमवाला म्हणतो माझ्याकडे एक बेसिन आहे, मी दीड हजार फुटांचे पैसे का देऊ. कॅफेवाला दिवसाला शंभर लोकांचे कप धुतो आणि त्याचं क्षेत्रफळ सगळ्यात कमी. माझं मत विचाराल तर प्रत्येकाला मीटर लावा, दुसरा न्याय्य मार्ग नाही. पण मीटरचे पाईपच त्या डिझाइनमध्ये नाहीत, एक उभी लाईन सगळ्यांना मिळून आहे. हे बांधतानाच करायला हवं होतं. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं, तेच. बांधलाय, पण विजेचं बिल वाचवायला बंद असतो, त्यामुळे पुढच्या गेटने पाण्याचा टँकर आत येतो आणि मागच्या गेटने मैल्याचा टँकर बाहेर जातो. तेच पाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरलं असतं तर सातातले दोन टँकर सहज वाचले असते.

मला ठाऊक आहे की हे एकट्या इंदूरचं दुखणं नाही. वाघोली, उंड्रीकडे काय चाललंय ते भाचा सांगतोच, बिल्डर हमीपत्र देतो की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, आणि सोसायटी हातात दिली की हमीपत्र कपाटात जातं. मग इंदूरने तीच चूक का करायची? आमचं शहर अजून पुण्याएवढं झालेलं नाही, अजून वेळ आहे. सुपर कॉरिडॉरला ३१ मे २०२५ ला मेट्रो सुरू झाली, सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, त्या वेळी दोन्ही बाजूंना बरीच जागा मोकळी होती. पुढे वस्ती येणार म्हणून आधी रूळ टाकले, आणि त्यात चूक काही नाही, सोय आधी आणि वस्ती नंतर हाच बरोबर क्रम आहे. तर मग पाण्याच्या पाईपला हाच क्रम का लागू होत नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे निगमची लाईन प्रत्यक्ष चालू नाही तिथल्या प्रोजेक्टला पझेशन द्यायची परवानगी मिळू नये. लाईनचा खर्च बिल्डरकडून आधी भरून घ्या, घराची किंमत थोडी वाढली तरी चालेल, लोक देतील, कारण तेच पैसे नंतर दर महिन्याला टँकरला जातातच.

आणि आता तुमच्याकडे मागणं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. जाहिरातीत रेरा नंबर आणि रेराची वेबसाईट छापणं बंधनकारक आहे, ते तुम्ही छापताच. त्याच्या खाली आणखी एक ओळ छापा. पाणी कुठून: निगमची लाईन चालू, की बोरिंग, की टँकर. बिल्डरने जे सांगितलं ते छापा, त्याच्या नावावर. जो सांगणार नाही त्याच्यापुढे ‘माहिती दिली नाही’ असं छापा. कायद्याने तुमच्यावर हे बंधन नाहीये, पण तुमच्या पानावर विश्वास ठेवून माझा भाचा चाळीस-पन्नास लाख रुपये काढायला निघाला होता, तो माझ्यावर नाही तर आधी तुमच्या पेपरवर विश्वासला. पेपरमध्ये छापून आलेलं आमच्या पिढीला आणि आमच्या मुलांनाही खरं वाटतं, आणि ते तसंच वाटत राहावं असं मला फार वाटतं. जाहिराती कमी होतील अशी भीती असेल तर निदान पुरवणीतल्या तुमच्या स्वतःच्या लेखांमध्ये तरी हे विचारा. तुमचा वार्ताहर साईटवर जातो, सँपल फ्लॅट बघतो, त्याने एकदा अंडरग्राऊंड टाकीचं झाकण उघडून बघावं आणि वॉचमनचं रजिस्टर मागावं.

भाच्याला मी सांगितलंय, दिवाळीत नको येऊस, दिवाळीत सगळीकडे पाणी असतं. मे महिन्यात ये, मुलाकडे दोन रात्री राहा आणि पहाटे पाचला माझ्याबरोबर गॅलरीत उभा राहा. तो येतो म्हणालाय.

सोबत रजिस्टरच्या तीन पानांचे आणि ब्रोशरच्या सव्विसाव्या पानाचा फोटो पाठवतेय. छापायचे असतील तर प्रोजेक्टचं नाव आणि वॉचमनची सही झाकून छापा, त्याची नोकरी जायला नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर